नाकातला स्टिरॉइड स्प्रे: भीती नेमकी कशाची धरायची? (अनुभव धागा)

सोयाबीनचं थ्रेशर सुरू झालं की गावातली अर्धी नाकं गळायला लागतात. मागोमाग कपाशीची वेचणी, मग तुरीचं कुटार. या धुळीच्या अ‍ॅलर्जीवर डॉक्टर नाकात मारायचा स्प्रे लिहून देतात, घरी कोणीतरी 'त्यात स्टिरॉइड आहे' म्हणतं आणि बाटली फडताळात जाऊन पडते. 'काहून लेकराले स्टिरॉइड देता बाप्पा?' हा प्रश्न दर हंगामात येतो. जे हा स्प्रे रोज लिहून देतात, विकतात, मारायला शिकवतात, त्यांनी इथं लिहावं. स्वतःच्या सर्दीची कहाणी नको. मात्रा, पद्धत आणि कुठं बिघडतं ते नेमकं सांगा.

कान-नाक-घसा डॉक्टर, यवतमाळ जिल्हा

मात्रेपासून सुरुवात करतो. फ्लुटिकासोन प्रोपिओनेट किंवा मोमेटासोन या स्प्रेतल्या स्टिरॉइडांच्या एका फवाऱ्यात 50 मायक्रोग्रॅम औषध असतं. मोठ्या माणसाला प्रत्येक नाकपुडीत दोन फवारे, दिवसातून एकदा, म्हणजे दिवसाला 200. फ्लुटिकासोन फ्युरोएटचा फवारा 27.5 चा, म्हणून चार फवाऱ्यांचे 110. यातला बराचसा भाग घशातून पोटात जातो आणि यकृतात पहिल्याच फेरीत निकामी होतो. रक्तात 2 टक्क्यांहून कमी पोचतो. बेक्लोमेथासोन आणि बुडेसोनाइड या जुन्या औषधांचा रक्तात जाणारा वाटा बराच मोठा आहे. म्हणून दीर्घकाळ लागणार असेल, त्यातही लहान मुलांना, तर वरच्या तिघांतलंच एक निवडावं.

आता 'एका सुईत सर्दी बंद' वाली सुई बघा. ट्रायमसिनोलोन या स्टिरॉइडची ती सुई बहुधा 40 मिलिग्रॅमची असते, म्हणजे 40,000 मायक्रोग्रॅम. दोन वेगळ्या औषधांची वजनावर बरोबरी होत नाही हे खरं, पण सुईतलं सगळं औषध शरीरातच जातं आणि आठवडेच्या आठवडे झिरपत राहतं. साखर चढते, रक्तदाब चढतो, शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवायला आळसावतं, टोचलेल्या जागी कधी कधी खड्डा पडतो. कागदाच्या पुडीत बांधून मिळणाऱ्या डेक्सामेथासोन, बेटामेथासोन या स्टिरॉइडांच्या गोळ्यांचंही तेच. वर्षातून तीनदा सुई घेणारा माणूस स्प्रेला भितो, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

2021 च्या काळ्या बुरशीची धास्ती अजून आहे. तेव्हाचा धोका होता तो आटोक्याबाहेरची साखर आणि पोटातून किंवा शिरेतून दिलेली मोठ्या मात्रेची स्टिरॉइडं यांचा. नेहमीच्या मात्रेतला नाकाचा स्प्रे मधुमेह्यालाही देता येतो. मात्र एका बाजूचा गाल बधिर झाला, सुजला किंवा नाकात काळी खपली दिसली, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जावं.

मेडिकलवाले, वाशीम जिल्हा

काउंटरवर तीन प्रकारच्या बाटल्या असतात आणि लोक तिन्हींना 'नाकाचा स्प्रे' म्हणतात. एक निव्वळ मिठाच्या पाण्याची. दुसरी झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनची, जी दहा मिनिटांत नाक उघडते. तिसरी स्टिरॉइडची. सवय लागते ती दुसरीची. पाच दिवसांपुढे ती वापरली की औषध उतरल्यावर नाक आणखी घट्ट बंद होतं, माणूस पुन्हा फवारा मारतो, आणि वर्षभर तीच बाटली खिशात राहते. स्टिरॉइडच्या बाटलीची अशी सवय लागत नाही, पण तिचा गुण यायलाही वेळ लागतो. थोडा फरक 12 तासांत कळतो, पूर्ण फरकाला एक ते दोन आठवडे. तिसऱ्या दिवशी 'काही फायदा नाही' म्हणून बाटली परत आणू नका.

नवी बाटली हलवून आधी हवेत मारायची, बारीक धुकं सुटेपर्यंत. फ्लुटिकासोनला साधारण 6 दाब, मोमेटासोनला 10. हे न करता मारलं तर पहिले दोन-तीन दिवस नुसती हवा जाते.

बहुतेक बाटल्यांत 120 फवारे असतात. रोज चार म्हणजे 30 दिवस. पुढे तळाशी औषध दिसलं तरी प्रत्येक फवाऱ्यात पूर्ण मात्रा येईल याची खात्री नसते, तेव्हा सुरू केल्याची तारीख पेनानं बाटलीवरच लिहा. तोंड बुजलं तर टोक काढून कोमट पाण्यात धुवा. टाचणी घालू नका. भोक मोठं होतं, धुक्याऐवजी धार लागते आणि ती एकाच जागी आपटते.

स्टिरॉइडमध्ये अ‍ॅझेलास्टिन हे अ‍ॅलर्जीचं औषध मिसळलेला स्प्रे आला असेल तर हिशेब वेगळा: एकेक फवारा, दिवसातून दोनदा. घशाला कडू लागतो, काहींना झोप येते. ट्रॅक्टर चालवणाऱ्यानं हे आधी विचारून घ्यावं.

मे महिन्यात 45 अंशांत टिनाच्या छताखाली बाटली ठेवू नका, 30 अंशांखाली हवी. घडवंचीजवळचा गार पण कोरडा कोपरा चांगला. बर्फाच्या कप्प्यात नको.

समुदाय आरोग्य अधिकारी, उपकेंद्र, चंद्रपूर जिल्हा

घोळणा फुटला म्हणून स्प्रे सोडलेल्या माणसाला मी आधी म्हणते, कसा मारता ते दाखवा. बाटली उजव्या हातात, टोक उजव्या नाकपुडीत, मान मागे टाकलेली. अशा हातानं फवारा सरळ नाकाच्या मधल्या पडद्यावर बसतो. रोज तिथंच बसला की पडदा कोरडा होतो, खपली धरते, खपली निघाली की रक्त.

हात उलटा धरा. उजव्या नाकपुडीला डावा हात, डाव्या नाकपुडीला उजवा. आधी नाक हलकं शिंकरून घ्या. मान किंचित खाली, नजर पायाच्या अंगठ्याकडे. टोक थोडंच आत, रोख त्याच बाजूच्या कानाकडे. दाबताना हळू श्वास आत घ्या, तोंडानं सोडा. तपकीर ओढल्यासारखा जोरात ओढलात तर औषध घशात जातं. तोंडात चव आली की समजा, ओढलं गेलं. नंतर पंधरा मिनिटं शिंकरायचं नाही.

रक्त आलंच तर पुढे वाकून बसा, नाकाचा मऊ भाग सलग 10 मिनिटं चिमटीत धरा, तोंडानं श्वास घ्या. मधेच सोडून बघू नका. 20 मिनिटांतही थांबलं नाही तर दवाखाना. थांबलं तर त्या नाकपुडीत काही दिवस स्प्रे नको.

धूळ खूप असेल तर आधी मिठाच्या पाण्यानं नाक धुवा: 1 लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ, म्हणजे सुमारे दीड सपाट चहाचा चमचा. विहिरीचं किंवा बोअरचं कच्चं पाणी नाकात नको. धुतल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी स्प्रे.

आशा स्वयंसेविका, गोंदिया जिल्हा

लहान लेकराची एकच नाकपुडी वाहते आणि घाण वास येतो, तर ती अ‍ॅलर्जी समजून स्प्रे मारू नका. आत हरभऱ्याचा दाणा किंवा मणी असू शकतो. पाणीही घालू नका, दाणा फुगतो आणि काढणं अवघड होतं.

बालरोगतज्ज्ञ, अमरावती जिल्हा

मोमेटासोन आणि फ्लुटिकासोन फ्युरोएट 2 वर्षांपासून देता येतं, प्रोपिओनेट 4 वर्षांपासून. लहानांना प्रत्येक नाकपुडीत एकच फवारा. उंचीची काळजी खोटी नाही. वर्षभराच्या चाचणीत बेक्लोमेथासोन दिवसातून दोनदा घेणाऱ्या मुलांची वाढ साधारण 0.9 सेंटिमीटरनं कमी भरली, फ्युरोएटच्या चाचणीत 0.27 नं. म्हणून कमीत कमी मात्रा, गरजेपुरते महिने, आणि दर तीन-चार महिन्यांनी भिंतीवर उंचीची खूण. दम्याचा स्टिरॉइड पंपही चालू असेल तर दोन्हींची बेरीज डॉक्टरला सांगायलाच हवी.

कान-नाक-घसा डॉक्टर, यवतमाळ जिल्हा (पुन्हा)

एक राहिलं, आणि ते महत्त्वाचं आहे. गजकर्णासाठी इट्राकोनाझोलच्या गोळ्या आपल्याकडे महिनोन् महिने चालतात. त्या यकृतातलं स्टिरॉइड निकामी करण्याचं कामच रोखतात, मग फ्लुटिकासोन, बुडेसोनाइड रक्तात साचतं. एचआयव्हीच्या उपचारातल्या रिटोनाविरचंही तसंच, तिथं तर चेहरा सुजेपर्यंत गोष्ट जाते. स्प्रे लिहून घेताना चालू असलेली प्रत्येक गोळी दाखवा. काचबिंदू असेल तर डोळ्याचा दाब तपासत राहा. नाकाचं ऑपरेशन ताजं असेल तर जखम भरेपर्यंत थांबा. श्वास घेताना नाकात शिटीसारखा आवाज यायला लागला तर पडदा तपासून घ्या. छिद्र क्वचितच पडतं, पण खपलीच्या टप्प्यावर कळलं तर टळतं.

समुदाय आरोग्य अधिकारी, चंद्रपूर जिल्हा (पुन्हा)

कधी सुरू करायचा, हे कोणी लिहिलं नाही. शेंगा वाळायला लागल्या की, म्हणजे मळणीच्या दोन आठवडे आधी. रोज एकाच वेळी, दात घासल्यावर मारला तर विसरत नाही. थ्रेशरपाशी वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं राहा, नाकातोंडाला ओला दुपट्टा बांधा. मळणी आटोपली म्हणून लगेच बंद करू नका. गोठ्याजवळ रचलेलं कुटार रोज उपसताना तीच धूळ नाकात जाते.