सोलरवाले फुकटे आणि बाकी सगळे साधुसंत?

चष्मिष्ट_पुणेकर
कालपासून एक पोस्ट फिरतेय, "शून्य बिलाचे फोटो टाकणाऱ्यांनो, तुमचं बिल तुमची कामवाली भरतेय". म्हणणं असं की छतावर सोलर बसवणारे नेट मीटरिंगच्या जोरावर (दुपारची जादा वीज द्यायची, तितके युनिट बिलातून वजा) ग्रीड, म्हणजे वीज कंपनीच्या तारांचं जाळं, फुकट वापरतात, बोजा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यावर पडतो, तेव्हा केंद्राच्या सूर्यघर योजनेची सबसिडी आणि नेट मीटरिंग दोन्ही बंद करा. लाइक्स चिक्कार. एका ओळीत उत्तर जमेना म्हणून हे लांबण.

एक तर ३ किलोवॅटला ७८ हजार मिळतात, बाकीचे आमच्या खिशातून गेलेत. त्यात सबसिडी हवी तर पॅनेल डीसीआर, म्हणजे देशी बनावटीचेच लागतात, ते महाग, म्हणजे सबसिडीतला एक तुकडा परस्पर पॅनेलवाल्याच्या घशात. दुसरं, दुपारी माझ्या छतावरची वीज काय ढगात जाते का? शेजारच्या बंगल्यातला एसी आणि कोपऱ्यावरच्या लाँड्रीची इस्त्री त्यावर चालते, आणि ते दोघं त्या युनिटचे पूर्ण पैसे भरतात. विदर्भातल्या औष्णिक केंद्रातून इथवर तारेतून येताना होणारी गळतीही वाचली. आणि स्थिर आकार मी दर महिन्याला भरतो, "शून्य बिल" हे फोटोपुरतंच असतं.

फुकटे शोधायचेत ना, मग शेतीपंप बघा. साडेसात एचपीपर्यंत बिल माफ, तेही २०२९ पर्यंत. त्यांना कोणी फुकटे म्हणत नाही कारण तिथे मतं आहेत.

लोडशेडिंगग्रस्त
त्या पोस्टची भाषा भिकार होती, मुद्दा नाही. नेट मीटरिंगमध्ये युनिटला युनिट वळतं होतं. दुपारी एकला एक्स्चेंजवर, म्हणजे विजेच्या बाजारात, वीज कधीकधी मातीमोल असते आणि संध्याकाळी सातनंतर भाव युनिटला १० रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकतो. तुम्ही मार्केट यार्डात दुपारी उरलेली कोथिंबीर देऊन संध्याकाळी पनीर मागताय, तेही किलोला किलो.

आणि स्लॅबचं, म्हणजे वापर वाढला की दर चढतो त्याचं, कोणी बोलतच नाही. ३०० युनिटच्या वरचा माणूस चढ्या दराने जास्तीचे पैसे भरतो म्हणून १०० च्या आतल्याला स्वस्तात भागतं. सोलर कोण बसवतो? तोच ३०० च्या वरचा. तो स्लॅब रिकामा झाला की तूट कोणाच्या बिलात येणार? तारा, डीपी (ट्रान्सफॉर्मर), सबस्टेशन यांचा खर्च काही तुमच्याबरोबर कमी होत नाही.

बांधावरून
चष्मिष्ट साहेब, पंपांना फुकटे म्हणायच्या आधी एकदा रात्री आमच्याकडे या. थ्री फेज आठवड्याला पाळीने, एक आठवडा दिवसा एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी आली की अकरा-बाराला लाइट येते, तेव्हा उसात दारं धरायला जायचं, एका हातात बॅटरी एका हातात फावडं. जुन्नरच्या बाजूला बिबटे किती झालेत ते पेपरात वाचता ना? आमच्या चुलत्याला सापानेच गाठलं, वाचला नशिबाने. तुमचा दुपारचा एसी चालावा म्हणून आम्हाला रात्रीची वीज देतात इतकी वर्षं, ह्याचं बिल तुम्हाला कोणी पाठवलं का?

चष्मिष्ट_पुणेकर
चुलत्यांबद्दल वाईट वाटलं, मनापासून. पण पाळी कशी लावायची हे मी ठरवत नाही. आणि आकडे टाकून चालणाऱ्या मोटारींचं काय? शेतीच्या नावावर गळती आणि चोरी दोन्ही खपवतात हा आरोप आजचा नाही.

बांधावरून
खपवतं कोण? शेतकरी? मीटरच नाही बऱ्याच पंपांना, एचपीवर बिल लावायचे. जळलेली डीपी बदलायला वर्गणी आम्ही काढायची, ट्रॅक्टरमध्ये घालून आम्हीच न्यायची, आणि पुण्यातून शिकवणार आम्हाला.

सोसायटी_त्रस्त
तुमचं भांडण चालू द्या पण फ्लॅटवाल्यांचं कोणी बोलेल का? आमच्याकडे लिफ्ट आणि पाण्याच्या पंपासाठी सोलर बसवायचा ठराव दोन एजीएममध्ये लटकला कारण वरच्या मजल्यावरच्या एका सद्गृहस्थांच्या मते गच्ची त्यांचीच आहे, तिथे त्यांचे पापड वाळतात आणि उद्या पॅनेल धुतलं की त्यांच्या हॉलमध्ये ओल येईल. ओल तर पॅनेल बसायच्या आधीच आहे!! सूर्यघर म्हणे. आधी घराला छप्पर स्वतःचं लागतं.

लोडशेडिंगग्रस्त
@सोसायटी_त्रस्त हाच तर मूळ पोस्टचा मुद्दा होता. ज्याला बंगला त्यालाच सबसिडी.

पठारावरचा_वारा
साताऱ्याचा आहे म्हणून बोलतो. वनकुसवडे पठारावर पवनचक्क्या आल्या तेव्हा पैसे कोणी घातले? ज्यांना टॅक्स वाचवायचा होता त्यांनी, पहिल्याच वर्षी १०० टक्के घसारा मिळायचा, म्हणजे सगळी किंमत उत्पन्नातून वजा. वीज किती निघते याच्याशी अनेकांना देणंघेणं नव्हतं. गावात अजून काही लोक म्हणतात चक्क्यांनी पाऊस पळवला, ते खुळचट आहे, पण जमीन कवडीमोलाने गेली हे खुळचट नाही. सबसिडी कुठलीही असो, आधी शहरातल्या सीएला कळते.

बांधावरून
@पठारावरचा_वारा बरोब्बर. आता सोलर पंपाचं ऐका. कोटेशन भरून वर्षानुवर्षं पेड पेंडिंगमध्ये, म्हणजे पैसे भरून कनेक्शनची वाट बघत, बसलेल्यांना सांगितलं तार विसरा, सोलर घ्या. १० टक्के भरायचे, बाकी सरकार. ऐकायला ग्वाड. अडीच एकराच्या आत असाल तर ३ एचपी. आमच्या भावकीत बसवलाय एकाने, बोअर खोल, सकाळी नऊपर्यंत नुसतं गुळण्या टाकल्यासारखं पाणी, चार वाजले की धार बारीक, ड्रीपच्या शेवटच्या नळीला प्रेशरच पोचत नाही. वादळात पॅनेल उडालं तर विमा आहे म्हणतात, पंप बसवणारी कंपनी फोन उचलत नाही, पोरगं मोबाइलवर तक्रार टाकून टाकून दमलं. एवढं असूनही तो म्हणतो काय? रात्री झोप लागते. झालं, ह्यापुढे तुमचा हिशोब कुठे बसतो सांगा.

लोडशेडिंगग्रस्त
बसतो की. म्हणूनच प्रत्येकाच्या बांधावर वेगळा पंप हा महागडा मार्ग आहे. सबस्टेशनपासून शेतीपंपांना वीज नेणारी वाहिनी, म्हणजे फीडरच सोलरवर घ्या, सरकारच्या सौर कृषी वाहिनी योजनेत तेच चाललंय, राळेगणसिद्धीपासून सुरुवात झाली, आता लक्ष्य १६ हजार मेगावॅटचं आहे, वीज तीन रुपयांच्या आसपास पडते, सबस्टेशनजवळच्या जमिनीला हेक्टरी सव्वा लाख वर्षाला भाडं. तुमची जुनी मोटार तीच राहते, वीज दिवसा. बांधावरचा सोलर पंप काम नसताना नुसता ऊन खातो, कारण तो ग्रीडला जोडलेला नाही. आणि दुसरी गोष्ट तुम्हाला आवडणार नाही, फुकट ऊन आणि बोअर ही जोडी वाईट आहे. बिल नाही, मोजमाप नाही, पाणी खाली जाईपर्यंत उपसणार.

बांधावरून
पाणी उपसतो म्हणे. कारखान्याला ऊस आम्ही हौसेने लावतो का? दुसऱ्या कुठल्या पिकाला ठरलेला भाव मिळतो ते सांगा मग बोला. फीडरचं मान्य, आमच्या शेजारच्या गावात दिवसा लाइट आलीय हे खरं आहे. आमच्याकडे जागा कोणाची घ्यायची यावरून अडलंय.

राखेत_वाढलेला
तारेतल्या गळतीचा हिशोब वाचला वर. औष्णिक केंद्राच्या गावात वाढलो, दोरीवरचा पांढरा शर्ट संध्याकाळी करडा. ही राख कुठल्याच दरपत्रकात नाही. बाकी चालू द्या.

चष्मिष्ट_पुणेकर
बरं, स्लॅबचा मुद्दा घेतो, नाइलाजाने. पण मग ओपन ॲक्सेस (बाहेरून थेट वीज खरेदी) आणि कॅप्टिव्ह सोलर (स्वतःचा प्रकल्प) घेऊन जे मोठे कारखाने निघून जातात त्यांच्यावर पण पोस्ट टाका की. क्रॉस सबसिडीचा, म्हणजे एकाच्या चढ्या दरातून दुसऱ्याला स्वस्त वीज देण्याचा, खरा भार त्यांच्यावर होता, माझ्या तीन किलोवॅटवर नाही. आणि संध्याकाळच्या कमाल मागणीचं पाप आमच्या माथी कशाला? नऊ ते पाच वीज वापरली तर सवलत देताय ना, मग साठवण करा.

लोडशेडिंगग्रस्त
कारखान्यांवर टाकतो, तुम्ही लाइक करायला या. साठवण म्हणाल तर घाटघरला २५० मेगावॅटची सोय आहे, पाणी वर चढवायचं आणि संध्याकाळी सोडायचं, पण राज्याच्या मागणीपुढे ते किती? बॅटऱ्या लागणार, त्या फुकट येत नाहीत. घरात बॅटरी लावा, संध्याकाळी तुमची वीज तुम्हीच वापरा, त्या दिवशी तुम्हाला फुकटे म्हणणाऱ्याला सगळ्यात आधी मीच खोडून काढीन.

चष्मिष्ट_पुणेकर
बॅटरीला सबसिडी देणार का?

बांधावरून
मागा मागा. आम्ही मागितली की भिकारी, तुम्ही मागितली की धोरण.