थोड्या दिवसांचा व्हिसा काढताना तुमचं काय झालं? सांगली-साताऱ्याकडचे अनुभव सांगा

आई-बाबांना ताईकडं जर्मनीला पाठवायचंय, ४५ दिवसांसाठी. बाबांचा वाळव्याला ऊस. आईनं आयुष्यात पगाराची स्लिप पाहिलेली नाही. आणि यादीत काय, तर नोकरीचा दाखला, रजेचं पत्र! ताईनं तिथल्या सरकारी कार्यालयात जाऊन खर्चाची हमी लिहून दिलीय. त्या कागदाचं नाव फेर्फ्लिश्टुंग्स-एर्क्लेरुंग. बाबा त्याला सरळ 'फरफट' म्हणतात. जून २०२४ पासून फी माणशी ९० युरो झालीय, नकार आला तरी ती परत मिळत नाही, म्हणून आधी विचारतोय. एजंटांचे नंबर नकोत, तुमच्यावर काय बेतलं ते सांगा.

तासगाव, द्राक्षवाला
बर्लिनला दर फेब्रुवारीत फळांचं मोठं प्रदर्शन भरतं, फ्रूट लॉजिस्टिका. तिकडं जायला अर्ज केला, पहिल्या वेळी नकार. छापील फॉर्मवर एका चौकटीत खूण : मुदतीत परत जाल याबद्दल शंका आहे. आधी हसू आलं, मग राग. फेब्रुवारीत माल काढणीला आलेला असतो, तो टाकून कोण राहतंय तिकडं?

डोकं शांत झाल्यावर फाइल पुन्हा चाळली, तर त्यात माझी बागच कुठं नव्हती. शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही, त्यामुळं रिटर्न जवळजवळ शून्याचं. त्यात शीतगृहातला बेदाणा दिवाळीत विकलेला, त्याचे पैसे अर्जाच्या आठ दिवस आधी एकदम खात्यावर. बघणाऱ्याला ते उसने आणून भरल्यासारखे वाटले असणार. एजंटाच्या छापील पत्रात तर मी 'बिझनेसमन' होतो.

पुढच्या वर्षी सातबाऱ्याचं इंग्रजी भाषांतर, अडत्याच्या दोन वर्षांच्या पट्ट्या, अपेडाच्या (शेतमाल निर्यातीचं सरकारी खातं) ग्रेपनेटवरची बागेची नोंद, सगळं लावलं. शून्याचं का असेना, रिटर्नही लावलं; शेती उत्पन्नाचा रकाना त्यात असतोच. पत्र बारावीतल्या लेकीनं लिहिलं : छाटणी कधी झाली, तोडणी कधी, प्रदर्शन संपल्यावर तिसऱ्या दिवशी बाबा बागेत का हवेत. व्हिसा आला. मुक्काम ९ दिवस.

शाहूपुरी, सातारा
आम्ही दोघं निवृत्त शिक्षक, त्यामुळं पेन्शनची कागदपत्रं तयारच होती. ३०,००० युरोचा विमाही काढला. गडबड तिकिटांत झाली. पॅरिसला उतरायचं, मध्ये चार दिवस लंडन, परत पॅरिसहून विमान. लंडनचा व्हिसा वेगळा लागतो हे माहीत होतं, तो काढलाही. पण शेंगेनचा, म्हणजे फ्रान्स-जर्मनीसारख्या युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा व्हिसा, तो आला एकाच प्रवेशाचा. म्हणजे लंडनला गेलो की पॅरिसचं दार बंद. पोवई नाक्यावर चहा पिताना भाच्यानं स्टिकर वाचला म्हणून कळलं. परतीचं तिकीट लंडनहून काढलं, पैसे गेले. अर्ज करतानाच दोन प्रवेश मागायला हवे होते.

वाई
मी लेकीच्या बाळंतपणाला नेदरलँड्सला गेले होते. पुण्याच्या केंद्रावर बोटांचे ठसेच उठेनात. ४० वर्षं हळद, भांडी, शेण. केंद्रावरची मुलगी ओला टिश्यू देत होती, पुसा, परत ठेवा. चौथ्यांदा जमलं. ते ठसे ५९ महिने चालतात म्हणाली, तेव्हा जिवात जीव आला.

१० जूनला पोचले, २८ ऑगस्टला निघाले, ८० दिवस झाले. व्हिसा बऱ्याच प्रवेशांचा होता, म्हणून नोव्हेंबरात महिनाभर परत जायचं ठरवलं. जावयांनी हिशेब करून थांबवलं. कोणत्याही १८० दिवसांत ९० च दिवस राहता येतं, आणि मोजायचं त्या-त्या दिवसापासून मागं. १ नोव्हेंबरला गेले असते तर १० दिवसांत परत यावं लागलं असतं. जूनचे दिवस ७ डिसेंबरपासून एकेक करून गळायला लागतात. मी मग डिसेंबरातच गेले. थंडी काय विचारू नका.

विटा
युरोपचं नाही, दुबईचं सांगतो. थोरला गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, धाकटा दुबईला. आईच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा, नुसतं स्वतःचं नाव. नोव्हेंबर २०२२ पासून एकच नाव असलेल्या पासपोर्टला तिकडं भेटीचा व्हिसा देत नाहीत. आम्हाला पत्ताच नाही. मुंबईच्या विमानतळावर काउंटरवरनं परत फिरवलं. आई रात्रभर बसनं आली, लाडवांचा डबा मांडीवर. पासपोर्ट दुरुस्त करून चार महिन्यांनी गेली.

धागाकर्ता
आईचा पासपोर्ट आत्ताच कपाटातून काढून बघितला. आडनाव आहे. कारखान्याच्या ऊसबिलांच्या पावत्या बाबांनी वहीत चिकटवून ठेवल्यात, २००९ पासूनच्या. सगळ्या लावायच्या का?

तासगाव, द्राक्षवाला
दोन वर्षांच्या बास. भाषांतराला पानामागं पैसे घेतात.