कांद्याच्या सालीचा रंग सुती कापडावर टिकत नाही

सिडकोकर
अर्धा किलो मांजरपाट, लासलगावकडून आणलेली कांद्याची वाळकी साल ३०० ग्रॅम. कापड गरम पाण्याने धुतलं, ५० ग्रॅम तुरटीत तासभर ठेवलं आणि सालीच्या काढ्यात तासभर उकळलं. ओलं असताना झकास केशरी; दोन धुण्यांत बिस्किटी. मध्ये मध्ये पांढुरके पट्टे आणि बारीक राखी ठिपकेही आहेत. पाणी बोअरचं. मीठ किंवा व्हिनेगर टाकून रंग पक्का होईल का?

हिरडा
नाही. मीठ-व्हिनेगर ही दुकानी रासायनिक रंगांची सवय, इथे दोन्हींचा काही उपयोग नाही.

पांढुरके पट्टे खळीचे. मांजरपाट आदल्या रात्री साध्या पाण्यात भिजत घाला, सकाळी १० लिटर पाण्यात २५ ग्रॅम धुण्याचा सोडा टाकून दीड तास उकळा. पाणी चहासारखं निघेल. स्वच्छ खळबळून वाळवा आणि पाण्याचा थेंब टाकून बघा. लगेच शोषला तर झालं, मण्यासारखा थांबला तर पुन्हा उकळा.

रंग उतरण्याचं कारण वेगळं. लोकर-रेशीम तुरटी थेट धरतात, म्हणून पैठणीच्या रेशमाची कृती मांजरपाटाला चालत नाही. सुताला आधी टॅनिन (हिरड्यासारख्या झाडपाल्यातलं तुरट द्रव्य) द्यावं लागतं. १०० ग्रॅम हिरड्याची पूड कोमट पाण्यात कालवून फडक्याने गाळा (गाळ राहिला की तिथे डाग), त्यात कापड रात्रभर ठेवा. पिळा, न धुता वाळवा.

मग ७५ ग्रॅम तुरटी गरम पाण्यात विरघळवा. १० ग्रॅम धुण्याचा सोडा वेगळ्या पाण्यात विरघळवून तुरटीत थोडा थोडा ओता. जोरात फसफसतं, भांडं मोठं घ्या. फेस बसला की कापड घालून अधूनमधून हलवत रात्रभर ठेवा. हलकं धुऊन ओलंच रंगात घाला.

वजनं सगळी कोरड्या कापडावर धरली आहेत.

गोदाकाठ
राखी ठिपके लोखंडाचे. हिरड्याचं गाळलेलं पाणी एका ग्लासात बोअरच्या पाण्यात मिसळा. करडं-काळं झालं तर पाण्यात लोह आहे. मग नळाचं किंवा पावसाचं पाणी वापरा. इनॅमलचा टवका उडालेली घमेलीही नकोत, स्टीलचं पातेलं बरं.

कापड पातेल्यात कोंबू नका, पोहलं पाहिजे. आणि रंग खळखळ उकळू नका; मंद आच, ८०–८५ अंश.

सिडकोकर
हिरड्याऐवजी डाळिंबाची साल चालेल? सटाणा-देवळ्याकडची भरपूर मिळते. बाभळीची सालही आहे.

हिरडा
डाळिंब उत्तम, पण ते स्वतःच पिवळं रंगवतं. मला तर कांद्यापेक्षा तेच जास्त भरवशाचं वाटतं, उन्हात कमी उडतं. वाळकी साल २५० ग्रॅम, तासभर मंद आचेवर ठेवून काढा करा. बाभूळ मूळचीच तांबूस-तपकिरी, तिच्यावर स्वच्छ पिवळा येणार नाही.

गोदाकाठ
मुद्दाम राखी हवा असेल तर शेवटी हिराकस (लोहाचा क्षार), अर्ध्या किलोला १० ग्रॅम, १०–१५ मिनिटं, भांडं वेगळं. जास्त झालं तर सूत कुजतं, घडीवर फाटतं. मोरचूद (तांब्याचा क्षार) नकोच, विषारी आहे, सांडपाणी कुठे ओतणार?

धुताना सोडा असलेली धुण्याची पावडर टाळा, रंग बदलतो. रिठा वापरा, सावलीत वाळवा.