'निष्कलंक' जॉर्ज विथ, आणि जिची साक्ष कोणी घेतली नाही ती लिडिया

नीरजा_सा
काल जुना_वाचक यांनी लिहिलं होतं: "अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणाऱ्यांत निष्कलंक माणूस एकच, व्हर्जिनियाचा जॉर्ज विथ. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला जेफरसन घडवला, पुढे सरन्यायाधीश झालेला मार्शल घडवला, गुलाम मुक्त केले, आणि शेवटी इस्टेटीच्या लोभापायी बहिणीच्या नातवानेच त्याला विष घातलं. बाकी सगळे ढोंगी."

मी उत्तर देणार नव्हते, पण रात्रभर ते डोक्यातून जाईना.

विषाची गोष्ट सांगताना तुम्ही फक्त म्हाताऱ्या न्यायाधीशाचं नाव घेतलंत. मे १८०६ मध्ये रिचमंडच्या त्या घरात सकाळची कॉफी तिघांनी घेतली. ऐंशीच्या घरातला विथ, त्याच्याकडे राहून शिकणारा मायकेल ब्राउन हा मिश्रवंशीय मुलगा, आणि लिडिया ब्रॉडनॅक्स, जी आधी त्याची गुलाम होती आणि मुक्त झाल्यावरही त्याचं घर सांभाळत होती. मायकेल १ जूनला गेला, विथ ८ जूनला. लिडिया वाचली. जॉर्ज विथ स्वीनीने, म्हणजे त्या बहिणीच्या नातवाने, कॉफीच्या भांड्यात काहीतरी टाकताना तिने पाहिलं होतं. पण गोऱ्या माणसाविरुद्ध काळ्या माणसाची साक्ष व्हर्जिनियात चालत नव्हती, मग तो माणूस मुक्त का असेना. स्वीनी सुटला.

तो नियम १७७९ साली विधिमंडळापुढे ठेवलेल्या कायद्यांच्या नव्या मसुद्यात जसाच्या तसा होता. मसुदा सादर करणाऱ्या पत्राखाली सह्या दोन, जेफरसनची आणि विथची. १७८५ ला तो कायदा झाला. म्हणजे ज्या नियमाने विथचा खुनी सुटला, तो विथच्या हाताखालून गेला होता. अशा माणसाला मोठा म्हणा, विद्वान म्हणा, मी अडवणार नाही. निष्कलंक म्हणू नका.

जुना_वाचक
ताई, तुम्ही १७७९ चा माणूस २०२० च्या तराजूत घालताय. विथने न्यायाधीश म्हणून काय केलं ते एका ओळीतही नाही. प्लेझंट्स खटला आठवा. क्वेकर या ख्रिस्ती पंथातल्या एका मालकाच्या मृत्युपत्राप्रमाणे चारशेहून जास्त गुलामांना मुक्ती मिळायला हवी होती आणि वारस आडवे आले. चान्सरीत, म्हणजे विथ न्यायाधीश होता त्या कोर्टात, विथने त्यांच्या बाजूने निकाल दिला, वर अडवून ठेवलेल्या काळातल्या कामाचा मोबदलाही द्यायला लावला. वरच्या कोर्टाने १७९९ ला मुक्ती ठेवली आणि मोबदला काढून टाकला. त्या काळी दुसऱ्या कोणी एवढं केलं?

आणि स्वातंत्र्य मागणाऱ्या राइट कुटुंबाचा खटला? जन्माने प्रत्येक माणूस स्वतंत्र, आणि कोणी गुलाम आहे असं ज्याचं म्हणणं असेल त्यानेच ते सिद्ध करावं, असं विथने व्हर्जिनियाच्या १७७६ च्या हक्कांच्या जाहीरनाम्याच्या आधाराने लिहिलं. मसुद्याचं म्हणाल तर तिघांनी काम वाटून घेतलं होतं. व्हर्जिनियाचे स्वतःचे कायदे एडमंड पेंडलटनच्या वाट्याला होते, विथकडे इंग्लंडचे नंतरचे कायदे. पेंडलटनचं पाप विथच्या माथी मारू नका.

नीरजा_सा
काम वाटून घेतलं होतं हे खरं. पण पेंडलटनने जुने कायदे नुसते उतरवून काढले होते, म्हणून त्याचा भाग विथने आणि मी बसून नीट केला, असं जेफरसननेच नंतर पत्रात लिहून ठेवलंय. म्हणजे ते पान विथच्या नजरेखालून गेलं. तरीही ओळ राहिली.

राइट खटल्याचा पुढचा भाग तुम्ही सोडलात. विथ गेल्यावर १८०६ च्या नोव्हेंबरात वरच्या कोर्टाने राइट घराण्यातल्या त्या बाईला आणि तिच्या मुलांना स्वतंत्रच ठेवलं, पण त्यांच्या घराण्यातल्या बायका मूळ अमेरिकन होत्या म्हणून. 'जन्माने सगळे स्वतंत्र' हे आफ्रिकन वंशाच्या लोकांना लागू नाही, असं सांगणाऱ्यांत सेंट जॉर्ज टकर होता. विथचाच विद्यार्थी, आणि कॉलेजात विथनंतर त्याच्याच जागी कायदा शिकवणारा. गुरूची सर्वात चांगली ओळ शिष्याने खोडली, याचं मला खरंच वाईट वाटतं.

सातारकर_वकील
तीस वर्षं दिवाणी कोर्टात काढली आहेत, म्हणून बोलतो. तुम्ही दोघं गुलामगिरीवर भांडताय आणि खुनाचं कारण बाजूलाच पडलंय. कारण मृत्युपत्र आहे.

विथला मूलबाळ राहिलं नाही. पहिली बायको ॲन लुईस लवकर गेली, दुसरी एलिझाबेथ टॉलिव्हर १७८७ मध्ये. इस्टेटीचा मोठा भाग बहिणीच्या नातवाला, काही भाग मायकेल ब्राउनच्या शिक्षणासाठी. इथवर ठीक. पण नंतर पुरवणी जोडली की मायकेल सज्ञान होण्याआधी वारला तर त्याचा वाटा स्वीनीला. ही ओळ लिहिताना त्या पोराच्या डोक्यावर तलवार टांगली गेली. स्वीनी आधीच विथच्या नावाने बँकेचे खोटे धनादेश काढत होता. अशा माणसाला घरात ठेवायचं आणि कोणाच्या मरणाने किती मिळणार हे त्याला कळू द्यायचं?

माझ्याकडे अशा केसेस डझनांनी येतात. सांभाळायला घेतलेला पुतण्या, मृत्युपत्रात त्याचं नाव, मग म्हाताऱ्याच्या जेवणाकडे कोणी बघायचं नाही. विथ देशातला पहिला कायद्याचा प्राध्यापक, १७७९ पासून विल्यम अँड मेरी कॉलेजात. त्याला हे कळायला हवं होतं.

माहेरवाशीण_नगरची
वकीलसाहेब, म्हणजे मेलेल्याचीच चूक? आमच्या आत्याने भाच्याला वीस वर्षं सांभाळलं, सगळं त्याच्या नावावर केलं. त्याने तिला शेवटपर्यंत फुलासारखं जपलं. घर दिलं की माणूस खुनी होतो, हे कोर्टात बसणाऱ्यांचं जग. तुमच्याकडे भांडणारेच येतात, न भांडणारे कशाला येतील?

सातारकर_वकील
तुमच्या आत्या नशीबवान. मी नशिबावर मृत्युपत्र लिहीत नाही. अमक्याच्या मरणाने तमक्याला मिळेल अशी अट घालायची तर ती घरातल्या कोणाला कळता कामा नये. पुरवणी कुठे ठेवलीय, कोणाला सांगितलीय, हे मी पक्षकाराला पहिल्या बैठकीत विचारतो.

माहेरवाशीण_नगरची
गुप्त मृत्युपत्रांनीच घरं मोडतात! माझ्या सासरी सासऱ्यांनी काय लिहिलंय ते त्यांच्या दहाव्याला कळलं. तीन भाऊ आजही बोलत नाहीत. विथने उघड लिहिलं ते बरोबरच केलं. दोष विष घालणाऱ्याचा.

रिचमंडकर
मृत्युपत्रावर वीस प्रतिसाद होण्याआधी जरा थांबा. मी इथे जवळच राहतो. विल्यम्सबर्गचं विथचं विटांचं घर पाहुण्यांना मीच दाखवतो, आणि रिचमंडला सेंट जॉन्स चर्चच्या आवारात त्याची समाधीही. मराठी पाहुणे दर वेळी विचारतात, मायकेल त्याचा मुलगा होता का? मला या प्रश्नाचा संताप येतो. एका गोऱ्या माणसाने काळ्या मुलाला लॅटिन-ग्रीक शिकवलं म्हणजे रक्ताचं नातं असलंच पाहिजे? काही इतिहासकारांनी तसा तर्क केला, पुरावा कोणाकडे नाही. विथने शिकवायला रक्त कधी बघितलं? पुढे मोठा राजकारणी झालेला हेन्री क्ले त्याचा कोण होता? लेखनिक म्हणून आला आणि त्याच्या हाताखाली तयार झाला.

नीरजा_सा
हे मान्य. नात्याचा तर्क मीही करणार नाही. पण काळ्या मुलाला शिकवलं म्हणून विथ निष्कलंक ठरत नाही. १७७० मध्ये सॅम्युअल हॉवेल नावाच्या माणसाने स्वातंत्र्यासाठी दावा लावला. त्याच्या बाजूने तरुण जेफरसन उभा राहिला, निसर्गाच्या कायद्याने सगळे स्वतंत्र जन्मतात म्हणाला. समोरच्या मालकाचा वकील कोण? जॉर्ज विथ. त्याला तोंडही उघडावं लागलं नाही, तो उत्तर देणार तोच कोर्टाने त्याला थांबवून दावा फेटाळला.

जुना_वाचक
वकिलाने पक्षकाराची बाजू घेतली म्हणून तो पापी? मग सातारकर साहेबांना विचारा त्यांनी कोणाकोणाची वकीलपत्रं घेतली.

सातारकर_वकील
माझं नाव मध्ये आणू नका. आणि नीरजाताई, लिडियाची साक्ष चालली असती तरी स्वीनीला फाशी झालीच असती असं समजू नका. शवविच्छेदन करणारे डॉक्टर विषावर ठाम नव्हते. स्वीनीच्या बाजूने एडमंड रँडॉल्फ आणि विल्यम वर्टसारखे वकील होते, रँडॉल्फ तर देशाचा पहिला ॲटर्नी जनरल. भांड्यात 'काहीतरी' टाकलं यावर मीसुद्धा संशयाचा फायदा मागितला असता.

नीरजा_सा
मागा ना. पण आधी तिला पिंजऱ्यात उभं करा, उलटतपासणी घ्या, मग ज्यूरीला ठरवू द्या. तिला तोंडच उघडू न देता सुटणं आणि ऐकून घेऊन सुटणं यात फरक आहे, हे तीस वर्षं कोर्टात काढलेल्या माणसाला मी सांगायला नको.

माझ्या आजीच्या घरी एक बाई चाळीस वर्षं होत्या. आजोबांच्या आजारपणात औषधाची वेळ, डॉक्टर कधी आले, कागदावर सही कोणी घेतली, सगळं त्यांना पाठ. वाटणीच्या वेळी त्यांना कोणी विचारलंसुद्धा नाही. 'त्या कोण?' एवढंच. मी बारा-तेरा वर्षांची होते आणि मला तेव्हाही ते चुकीचं वाटलं होतं. म्हणून लिडियाचं नाव गाळलेलं मला सहन होत नाही.

सातारकर_वकील
साक्ष घ्यायला हवी होती. यावर वाद नाही.

जुना_वाचक
ठीक. 'निष्कलंक' मागे घेतो, तुमच्या समाधानासाठी. पण मरता मरता त्याने काय केलं तेही लिहा. मायकेल गेला त्याच दिवशी अंथरुणावरून नवी पुरवणी करून स्वीनीला बेदखल केलं आणि वाटा त्याच्या भावंडांना दिला. लिडियाची तरतूद मृत्युपत्रात होती, मायकेलच्या शिक्षणाची देखरेख खुद्द राष्ट्राध्यक्ष जेफरसनवर सोपवली होती. १८०६ च्या व्हर्जिनियात हे करणारा दुसरा न्यायाधीश दाखवा.

नीरजा_सा
दुसरा दाखवता येणार नाही, म्हणूनच मी त्याला मोठा म्हणाले. आणि तरतूद पुरली असती तर १८०७ मध्ये लिडियाला जेफरसनला पत्र लिहून मदत मागावी लागली नसती. विषानंतर तिची दृष्टी अधू झाली होती. त्याने पन्नास डॉलर पाठवले. पुढच्या वेळी विथवर लिहाल तेव्हा हे पत्रही घाला, आणि मायकेलचं नाव पहिल्या परिच्छेदात.

माहेरवाशीण_नगरची
वकीलसाहेब, मृत्युपत्राचा वेगळा धागा काढा. माझं अजून संपलेलं नाही.