शब्दचर्चा : संगीतशास्त्रावरील ‘व्याख्यान’, ‘चर्चासत्र’ आणि ‘कार्यशाळा’

प्रश्न : विद्यापीठाच्या संगीत विभागातील प्राध्यापक आमच्या दर्यापूर तालुक्यातील गावी येऊन खंजिरी भजनाविषयी बोलणार आहेत आणि नंतर भजनी मंडळांशी चर्चा करणार आहेत. पत्रिकेच्या मसुद्यात एकाने ‘संगीतशास्त्र संगोष्ठी’ लिहिले आहे, तर दुसऱ्याने ‘कार्यशाळा’. सर, यांपैकी योग्य काय?

उत्तर : भाऊ, ‘संगोष्ठी’ हा हिंदीतला रूढ शब्द आहे, मराठीत आपण ‘चर्चासत्र’ म्हणतो. मात्र चर्चासत्रात सहसा निबंध वाचले जातात व त्यांवर प्रश्नोत्तरे होतात, त्यामुळे एकच वक्ता असलेल्या आपल्या कार्यक्रमाला ‘जाहीर व्याख्यान व चर्चा’ हेच शोभते. ‘कार्यशाळा’ म्हटले की उपस्थितांनी स्वतः काही करून पाहणे आले. ओलसर हवेने सैल पडलेले खंजिरीचे कातडे विस्तवाजवळ किती धरायचे आणि बोटाने टिचकी मारून ते तापल्याचे कसे ओळखायचे, हे दहा जणांनी हातात खंजिरी घेऊन केले, तरच त्या शब्दाला अर्थ राहील.

खरी अडचण ‘संगीतशास्त्र’ या शब्दाची आहे. संगीताच्या परीक्षांत ‘शास्त्र’ आणि ‘क्रियात्मक’ असे दोन भाग असल्यामुळे, तालुक्याच्या ठिकाणी पेटी शिकणाऱ्या मुलांना शास्त्र म्हणजे आरोह, अवरोह, वादी, संवादी यांचे पाठांतर वाटते. विद्यापीठीय अर्थ त्याहून फार विस्तृत आहे. ऑस्ट्रियाचे संगीतशास्त्रज्ञ गुइडो आडलर यांनी 1885 मध्ये या विद्याशाखेची मांडणी करताना तिचे ऐतिहासिक आणि पद्धतशीर असे दोन विभाग कल्पिले. आपल्याकडे तर तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने गीत, वाद्य आणि नृत्य या तिन्हींना मिळून संगीत म्हटले. त्या व्याख्येत गाणे, वाद्य आणि नाच असलेला आपला लोकप्रकार दंडारही सहज बसतो. म्हणून पत्रिकेत ‘संगीतशास्त्र’ ठेवावे, पण खाली ‘खंजिरी भजनाची परंपरा, वाद्य आणि चाली’ असा विषय स्पष्ट छापावा.

चर्चेने व्याख्यानाचे गांभीर्य कमी होईल, अशी शंका कोणी काढल्यास संगीतशास्त्रकार पं. विष्णु नारायण भातखंडे यांचा दाखला द्यावा. त्यांनी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ मराठीत लिहिली, तीही गुरुशिष्यांच्या संवादरूपात. गाडगेबाबांच्या कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारले जात, हे तर आपल्या भागात सांगावे लागू नये.

प्रश्न : व्याख्यानाच्या मध्येच आमचे मंडळ भजने म्हणून दाखवणार असेल तर?

उत्तर : त्याला ‘सप्रयोग व्याख्यान’ हा उत्तम शब्द आहे. एक विनंती मात्र आवर्जून करतो. मंडळातील खंजिरीवादकांची नावे ‘साथसंगत’ या सदराखाली टाकू नका. मोझरीच्या तुकडोजी महाराजांनी खंजिरीवर भजने गाऊन गावोगाव जागविले. त्या परंपरेतले जे वादक कातडे तापवण्यापासून ठेका बदलण्यापर्यंत सारे समजावून देणार आहेत, ते त्या दिवशी साथीदार नसून शिकवणारे आहेत. प्राध्यापकांचे नाव ‘व्याख्याते’ म्हणून येईल, तसे त्यांचे ‘मार्गदर्शक’ म्हणून, त्याच आकाराच्या अक्षरांत यावे.