फोडणी बंद करण्याआधी

वर एका ताईंनी लिहिलंय, तेल-तूप पूर्ण बंद केलं की प्रतिकारशक्ती वाढते. ताई, जरा थांबा. रोगजंतूंशी लढाईत उतरलेल्या टी पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) मुख्यतः ग्लुकोजवर धावतात, पण संसर्ग सरल्यावर मागे उरणाऱ्या स्मृतिपेशी बऱ्याच अंशी मेदाम्लं, म्हणजे तेला-तुपातल्या मेदाचेच घटक, जाळूनच तगतात.

शिवाय सगळी मेदाम्लं बुधलीतूनच येतात असंही नाही. आपल्या कळण्याच्या भाकरीतला, म्हणजे ज्वारी आणि सालासकट उडदातला चोथा आपल्याला पचत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू तो आंबवतात आणि ब्युटिरेट बनवतात. इवलंसं, चारच कार्बनचं मेदाम्ल! २०१३ साली उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की त्याने नियामक टी पेशी जास्त तयार होतात. डीएनए ज्या हिस्टोन नावाच्या प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्यांच्यावरचे अ‍ॅसिटिल हे छोटे रासायनिक गट काढणारी विकरं ब्युटिरेट रोखतं, मग नियामक पेशी घडवणारं फॉक्सपी३ हे जनुक जोमाने चालतं. या पेशींचं काम लढण्याचं नाही, आवरण्याचं. प्रतिकारशक्ती नुसती 'वाढली' तर ती स्वतःच्याच आतड्यावर उलटू शकते.

जळगावकडच्या भरीत पार्टीत तेलाचा तवंग बघून मीही दचकतो, खोटं कशाला बोलू. ते कमी कराच. पण भरताबरोबर पुरी की कळण्याची भाकरी, या जुन्या वादात माझं मत भाकरीला.