वर्णद्वेष, वर्णभेद, वंशवाद, वंशभेद: कुठला शब्द कधी वापरायचा?

धागाकर्ती:

ऑफिसात वाटायचं एक पत्रक मराठीत करून देतेय, विषय रेसिझम. अर्धं पान भराभर झालं आणि एका वाक्यापाशी दोन दिवस अडकलेय. म्हणायचंय असं की मनात कुणाबद्दल वाईट नसतानाही हे आपल्या हातून घडतं. नेहमीचा शब्द घेऊन मी लिहिलं, "मनात द्वेष नसतानाही वर्णद्वेष असू शकतो." मोठ्याने वाचून बघा. द्वेष नसताना द्वेष? वाक्य स्वतःलाच खोडतंय.

आता हे नुसतं भाषांतराचं दुखणं असतं तर शब्दकोश घेऊन बसले असते, पण हाच शब्द मला प्रत्यक्षात नडलाय म्हणून विचारतेय. मागे टीमचा ग्रुप फोटो काढत होतो, उजेड कमी झालेला. आमच्यातला एकजण चांगलाच काळा आहे, आईवडील आफ्रिकेतले. फोटो काढणारा त्याला म्हणाला, "तू जरा दात दाखव रे, नाहीतर दिसायचा नाहीस." सगळे हसले, मीही हसले, तोही हसला. मी त्याच्या शेजारीच उभी होते. हसून झाल्यावर त्याने ओठ मिटले आणि नंतरच्या तीनही फोटोंत ते मिटलेलेच आहेत, मी ते फोटो परत परत बघितलेत.

दुसऱ्या दिवशी मी फोटो काढणाऱ्याला बाजूला घेऊन म्हणलं की काल तू बोललास ते वर्णद्वेषी होतं. तो एकदम लालच झाला. "मी? द्वेष? अगं तो माझा सगळ्यात जवळचा मित्र आहे, त्यालाच विचार!" पुढची वीस मिनिटं त्याच्या मनात द्वेष आहे का नाही ह्यावरच गेली, आणि खरं सांगायचं तर नाहीये, त्यामुळे मलाच माघार घ्यावी लागली. ज्याला ते ऐकून घ्यावं लागलं त्याच्याबद्दल त्या वीस मिनिटांत एक वाक्य आलं नाही. मला तेव्हापासून वाटतंय की शब्दानेच घात केला. आपण "द्वेष" म्हणालो की समोरचा स्वतःचं मन तपासायला लागतो, त्याला तिथे द्वेष सापडत नाही, आणि विषय मिटतो.

तर वर्णद्वेष, वर्णभेद, वंशवाद, वंशभेद, नाहीतर सरळ रेसिझम, ह्यातलं तुम्ही काय वापरता आणि का?

प्रतिसाद १:

"वंशवाद" नकोच. एकतर हिंदी वाचून वाचून त्याचा अर्थ लोकांना घराणेशाही असाच लागतो. आणि दुसरं म्हणजे मराठीत वंश म्हणलं की रक्ताचं नातं डोळ्यासमोर येतं. वंशावळ, वंशवेल, वंशाचा दिवा, निर्वंश, सगळीकडे आईबाप-मुलं-नातवंडं हीच साखळी. संस्कृतात वंश म्हणजे बांबूही, एका पेरातून दुसरं पेर निघतं तसं. मग "वंश ही माणसांनी पाडलेली विभागणी आहे" असं लिहिलं की वाचणारा गोंधळतो, रक्ताचं नातं कोण कसं पाडणार?

पण रेस म्हणजे हे नव्हेच. दक्षिण आफ्रिकेत १९५० साली लोकसंख्या नोंदणीचा कायदा झाला, त्यात प्रत्येक माणसाला एका गटात टाकायचं होतं आणि ते ठरायचं माणूस दिसतो कसा आणि आजूबाजूचे लोक त्याला काय समजतात ह्यावरून. केसात पेन्सिल खोचून बघायचे, अडकून राहिली की तुम्ही गोरे नाही. त्यामुळे एकाच घरातली माणसं वेगवेगळ्या गटात गेली, सख्खी भावंडंसुद्धा. म्हणजे वंश एकच, आपल्या अर्थाने, आणि सरकारदरबारी "वंश" दोन! हा कायदा १९९१ पर्यंत होता. मी रेसबद्दल समजवायला लागलो की हेच उदाहरण देतो, व्याख्या नंतर.

विज्ञानाचं म्हणाल तर कुठल्याही दोन माणसांचा डीएनए साधारण ९९.९ टक्के सारखा असतो आणि जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन ह्यांनी १९७२ मध्ये दाखवलं की जो काही फरक आहे त्यातला सुमारे ८५ टक्के एकाच लोकसमूहातल्या माणसामाणसांत असतो. पण कुणी दुखावलेला असताना हे आकडे फेकू नका, "रेस असं काही नसतंच" हे वाक्य त्याला गप्प करायलाही वापरतात.

प्रतिसाद २:

मी "वर्ण" च्याही विरोधात आहे. वर्ण म्हणजे रंग, वर्ण म्हणजे अक्षर, आणि वर्ण म्हणजे चातुर्वर्ण्यातला वर्ण. मराठी वाचणाऱ्याला वर्णभेद वाचून तिसराच अर्थ आधी आठवू शकतो आणि ते काही चूक नाही.

अजून एक. आपण बातम्यांत "गोरे" सहज लिहितो पण "काळे" लिहायची वेळ आली की "कृष्णवर्णीय" होतं. एकाला रोजचा शब्द, दुसऱ्याला संस्कृत. मला वाटतं हात अडतो कारण आपल्या भाषेत काळा रंग बदनाम आहे: काळा पैसा, काळाबाजार, काळी यादी, काळी कृत्यं, तोंड काळं करणे. (काळी आई हा एक सुंदर अपवाद.) आणि "सावळी पण तरतरीत", "काळा पण देखणा" ह्यातला तो "पण"! तो उच्चारताना कुणाच्याच मनात द्वेष नसतो, उलट कौतुक करत असतात. ह्या दोन अक्षरांवर स्वतंत्र धागा निघेल. "हबशी" मात्र वापरू नका, मूळ शब्द अबिसिनियाच्या (आजच्या इथिओपियाच्या) लोकांसाठीचा असला तरी आज तो हिणवायलाच निघतो. "निग्रो" पण नको.

इंग्रजीत असोसिएटेड प्रेस ह्या वृत्तसंस्थेने २०२० मध्ये ठरवलं की लोकांबद्दल लिहिताना ब्लॅक मधला बी मोठ्या लिपीत काढायचा, म्हणजे ती रंगाची नोंद न राहता एका समाजाचं नाव होतं. देवनागरीत लहान-मोठी लिपी नाही, आपल्याला ही सोयच नाही. त्यामुळे ते लोक स्वतःला जे म्हणवतात ते घ्यावं, "ब्लॅक" लिहिलं तरी चालेल.

प्रतिसाद ३:

मला ही चर्चा थोडी खटकतेय, स्पष्टच लिहिते. धागाकर्ती, तुमचा अनुभव पटला, पण शब्द सौम्य करून कुणाची सोय होतेय? फोटो काढणाऱ्याची. ज्याने ओठ मिटून घेतले त्याला तो भेद वाटला का द्वेष, हे तुम्ही विचारलंत का? माझ्या रंगावरून मी शाळेपासून ऐकत आलेय आणि मला कुणी "त्याचा हेतू तसा नव्हता" म्हणलं की पहिल्यापेक्षा जास्त लागतं. "भेद" फार गुळगुळीत शब्द आहे, लिंगभेद, मतभेद, अर्थभेद, कुठेही बसतो.

धागाकर्ती:

नाही विचारलं. तुमचं वाचून लाज वाटली. आज दुपारी विचारलं. तो म्हणाला, "द्वेष नाही गं, पण असं दरवेळी होतं, आणि दरवेळी मलाच हसावं लागतं." एवढंच, आणि मग कामाचं बोलायला लागला.

मी द्वेष शब्द टाकून द्या म्हणत नाहीये. जिथे कुणाला मारहाण होते, घर नाकारतात, तोंडावर शिव्या देतात तिथे वर्णद्वेषच लिहायचं, कमी नाही. पण त्याच्या "दरवेळी" ला माझ्याकडे शब्द नाहीये. द्वेष क्वचित असतो, हे रोज असतं.

प्रतिसाद ४:

संविधानाच्या मराठी प्रतीत कलम १५ मध्ये "धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान" असं आहे, म्हणजे रेसला वंश आणि जात वेगळी. तेव्हा वंशभेद ला आधार आहे. जात ह्याच्यात येते का हा वाद मोठा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९६५ च्या करारात वंश आणि रंगाबरोबर "कूळ" हेही कारण धरलंय, २००१ ला डर्बनच्या वंशभेदविरोधी परिषदेत ह्यावरून बरंच वाजलं, २००२ मध्ये त्या कराराच्या समितीने कुळात जात येते असं म्हणलं आणि भारत सरकारला ते मान्य नाही. इथे नको तो विषय, पण दुसऱ्याच्या रेसिझमवर बोलताना आपल्याला जितकं मोकळं वाटतं तितकं जातीवर बोलताना वाटत नाही, एवढं लक्षात असू द्या.

"रेसिस्ट" बद्दल: माणसाला चिकटवू नका, वाक्याला चिकटवा. "तू रेसिस्ट आहेस" म्हणलं की तो वकील होतो. "ते वाक्य रेसिस्ट होतं" म्हणलं तर निदान वाक्याबद्दल बोलणं होतं.

धागाकर्ती:

मी वाक्यच म्हणलं होतं हो, तरी तो वकील झाला :( पण वंशभेद घेते. वाक्य आता असं केलंय: "मनात द्वेष नसला तरी बोलण्यातून वंशभेद होतो." बरं वाटतंय का? उद्या छपाईला द्यायचंय.

प्रतिसाद ३:

"होतो" नको. पाऊस होतो, उशीर होतो, गैरसमज होतो. "भावना दुखावल्या गेल्या असतील तर" हे पण तसलंच, दुखावणारा कुठेच नाही. कुणीतरी करतं ना?

धागाकर्ती:

खरंय. "मनात द्वेष नसला तरी आपण बोलण्यातून वंशभेद करतो." आणि त्याच्याखाली फोटोचा किस्सा घालायचा विचार आहे, त्याला विचारूनच. नाही म्हणाला तर नाही.